हरभऱ्याएवढा तुकडा

माझ्या नणंदेची कोणी स्तुती करायला लागलं की मी काहीतरी निमित्त काढून तिथून उठते. लोक बोलतात ते खरं असतं, पण त्या बाईबरोबर एका घरात राहावं लागतं ते मला.

मी त्यांना वन्सं म्हणते. लग्नानंतर पहिल्याच दिवशी जुन्या पद्धतीने तोंडातून निघून गेलं आणि मग बदलता आलं नाही. माझ्या नवऱ्यापेक्षा त्या सात वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. एकवीस वर्षं एका प्रयोगशाळेत सहायक आहेत. काम काय, तर प्लास्टिकच्या बशांमध्ये माणसांच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांना दर दोन दिवसांनी गुलाबी रंगाचं खाद्य घालायचं. पेशींना रविवार कळत नाही, म्हणून वन्संनाही कळत नाही. माझ्या मुलीचा निकाल लागला त्या दिवशी आम्ही बाहेर जेवायला निघालो, तर ह्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी पोरांना खायला घालून येते." आमचं आइस्क्रीम संपत आलं तेव्हा पोचल्या.

घरात दुधाची पिशवी कापून, विसळून ते पाणी चहात ओतणारी ही बाई. प्रयोगशाळेत मात्र दिवसभर ओतून टाकत असते. तिथला नियमच तसा आहे म्हणे, जरा शंका आली की टाकायचं.

माझा नवरा टर्नर होता. चार वर्षांपूर्वी लेथवर बाही अडकली आणि उजव्या हाताचा मूठभर स्नायू उपटून निघाला. डॉक्टरांनी वर मांडीची कातडी लावली, पण आतला स्नायू काही परत आला नाही. कोपराच्या खाली खड्डा आहे. बोटं हलतात, पण धरत नाहीत. आता तो त्याच कारखान्यात फाटकावर बसून डाव्या हाताने गाड्यांचे नंबर लिहितो. सकाळी त्याच्या शर्टाची बटणं मी लावते, आणि तेवढा वेळ तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.

त्यामुळे वन्संच्या मॅडमनी नवं काम हाती घेतलं तेव्हा आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही. कल्पना अशी, की वाढ पूर्ण झालेला स्नायूचा धागा घ्यायचा आणि औषधं देऊन त्याला पुन्हा लहान करायचं. मोठी पेशी नुसती राबते, वाढत नाही. लहान झाली की एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, आणि त्यातून नवा स्नायू घडवता येतो. एखाद्याच्या हातातला खड्डा भरण्याइतका. त्यासाठी माणसांच्या मांडीतून हरभऱ्याएवढा तुकडा हवा होता. नवऱ्याने कोणाला न विचारता नाव देऊन टाकलं.

नऊ जणांचे तुकडे घेतले. आठ जणांच्या बशीत काही झालं नाही. नववी बशी माझ्या नवऱ्याची. तिच्यात लहान पेशींचे पुंजकेच्या पुंजके उगवले. तुकड्यावर नाव नसतं, नंबर असतो, पण वन्संना नंबर ठाऊक होता आणि वन्संच्या पोटात काही राहत नाही. नवऱ्याने अख्ख्या कारखान्याला सांगितलं. लेथवर माप घ्यायच्या मायक्रोमीटरची पेटी कपाटावरून खाली काढली आणि डाव्या हाताने पुसून, तेल देऊन ठेवली. चार वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला शीळ घालताना ऐकलं.

आणि मग एका संध्याकाळी शेंगा सोलता सोलता वन्सं थांबल्या.

"मी दोनदाच धुतलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्याचा तुकडा. पाचदा धुवायचा असतो."

मग कळलं ते असं. स्नायूच्या धाग्यांना मुळातच काही लहान पेशी चिकटून असतात. धागे चाळणीवर घेऊन पाचदा धुतले की त्या खाली निघून जातात. त्या राहिल्या तर त्याच वाढतात, आणि आपल्याला वाटतं मोठ्यांच्याच लहान झाल्या.

"मग धुतलं का नाही?"

"त्याचं होतं गं. ओतायला हातच होईना. वाटलं, त्यातलंच काही कामाचं असलं तर? आणि वहीत सवयीने पाच लिहून मोकळी झाले."

एकवीस वर्षं ज्या बाईने डोळे मिटून ओतलं, तिला नेमकी तिथे काटकसर आठवली.

"कोणाला सांगितलंत?"

"उद्या सांगणार. मॅडम पुढच्या महिन्यात परिषदेत बोलणार आहेत."

"बोलू द्या. वन्सं, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच पेशी होत्या असं तुम्हाला तरी नक्की कुठे माहीत आहे?"

"नाही ना. म्हणूनच सांगायचं."

पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सांगितलं, आणि घरी येऊन चप्पलही न काढता भावाला सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मॅडमनी परिषदेतून नाव काढून घेतलं आणि वन्संना बाटल्या विसळायच्या कामावर बसवलं. नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं, पेटी उचलून पुन्हा कपाटावर ठेवली आणि बहिणीशी बोलणं बंद केलं.

अकरा दिवस. एकाच टेबलावर समोरासमोर बसून "ताईला सांग, मीठ दे" आणि "त्याला सांग, डाव्या बाजूला आहे." मी दोघांची भाऊबंदकी पोचवणारी पोस्टमन. वन्सं अर्ध्या जेवणातून उठायच्या. मला त्यांचा इतका राग येत होता की त्या जेवत नाहीत याचाही रागच आला.

बाराव्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्याच माणसाचा नवा तुकडा मिळाला आणि नीट धुतला, तरच खरं काय ते कळेल, म्हणाल्या. मी तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं. नवऱ्याने मागून येऊन फोन घेतला आणि हो म्हणाला.

"यातून तुला हात मिळणार नाहीये," मी ओरडले. "उलट होती ती आशाही जाईल."

"माहीत आहे."

"मग?"

त्याने फोन माझ्या हातात परत दिला आणि चपला घालून बाहेर पडला.

तुकडा काढायच्या दिवशी मी दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसले होते. चूक आपणहून सांगणारी तीच म्हणून धुण्याचं काम मॅडमनी हट्टाने वन्संनाच दिलं होतं, मोजायला शेजारी दुसरी एक जण उभी करून. वन्सं दाराशी बर्फाचा डबा धरून उभ्या होत्या. आत येत नव्हत्या. डॉक्टरांनी काम उरकलं, नर्सने इवलीशी बाटली नेऊन त्यांच्या हातात दिली. त्या वळल्या.

"ताई," नवरा म्हणाला.

त्या थांबल्या.

"या वेळी माझा आहे हे विसर. परक्याचा समजून धू."

वन्संनी मान हलवली आणि डबा पोटाशी धरून जिना उतरल्या. मी त्याच्या मांडीवरची पट्टी बघत राहिले. मला दोघांचाही राग आला होता, आणि डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबत नव्हतं.