दंडावरचा कापूस

मोहफुलं वेचणाऱ्याला विचारा. टोपली भरून निघालं आणि मागे वळून पाहिलं, की झाडाखाली जमीन पुन्हा पिवळी! आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून उठावं, तर मागे चार पडलेले. मी तिथे शिपाई होतो. पण लसीचा बर्फाचा डबा माझ्याच खांद्यावर असायचा, म्हणून गडचिरोलीच्या त्या जंगलात सगळे मला डब्बेवाला भाऊ म्हणायचे. कोरोनाचं दुसरं वर्ष, माझ्या नोकरीचं शेवटचं. नोकरीभर केला नाही एवढा वात्रटपणा मी त्या एका वर्षात केला.

*

आमच्या निर्मला सिस्टर. आवाज बारीक, जिद्द भारी. बाजूच्या टोल्यातली, म्हणजे वस्तीतली, दोन माणसं दवाखान्यात नेता नेता खाटेवरच गेली होती, आणि त्या खाटेला एका बाजूनं सिस्टरांचा खांदा होता. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास. कोसमटोल्यात असं होऊ द्यायचं नाही.

कोसमटोला म्हणजे अठरा वर्षांवरची मोजून एकोणचाळीस माणसं. सगळी मोहाखाली बसलेली. तिथला रिवाज असा, की झाडाखाली बसलेल्या प्रत्येकानं हो म्हटल्याशिवाय कोणतंच काम ठरत नाही. एकानं जरी नाई म्हटलं, की सभा पुढच्या शुक्रवारी.

सिस्टर म्हणाल्या, "सुई घ्या. बिमारी आली तर दवाखाना लय दूर हाय. पण जबरदस्ती नाई. ज्याचा दंड, त्याची मर्जी. हा माझा शब्द!"

अडतीस जण गप्प. सत्तरीची रैनीबाई म्हणाली, "नाई."

"काऊन, बाई?"

"तू मर्जी विचारली ना? मंग सांगतली!"

डबा उचलला, घरी आलो.

*

आता माझं ऐका. सगळ्यांच्या आधी नंबर लागला होता आमचा, कर्मचाऱ्यांचा. माझं नाव पुकारलं तेव्हा मी संडासात होतो. बाहेर आलो तो दंडावर कापूस दाबून! गर्दीत कोणी विचारलं नाही. लिस्टमध्ये माझ्या नावापुढे टिक कोणी मारली, ते मला आजही ठाऊक नाही. देवाशपथ, मी नाही मारली.

लहानपणी देवी टोचणारे आले, तेव्हा मायनं मला धानाच्या ढोलीत लपवलं होतं. धानाचा भुसा नाकात गेला आणि मी शिंकलो! ढोलीतून उलटा काढून टोचला होता मला. मर्जी बिर्जी कोणी विचारली नव्हती. तो व्रण दंडावर आहे आणि ती सुई अजून डोक्यात आहे.

तर दोन दिवस मी खाटेवर कण्हत पडलो. "लय दुखते वो, सिस्टर!" बिचाऱ्या सिस्टर घरून आंबील घेऊन आल्या. दोन वाट्या प्यालो. नंतर दर शुक्रवारी निघताना दंडाला नवा कापूस चिकटवायचो. लोकांनी विचारलं की सांगायचो, "हे पाहा, मी घेतली! काही होत नाई!"

*

आमच्या मेश्राम गुरुजींचा किस्सा तर चहाच्या टपरीवर अजून चालतो. गुरुजी रिटायर, पण भाषण रिटायर नाही. टपरीवर रोज एक तास. "माझं शरीर माझं! संविधानानं मले स्वातंत्र्य दिलं हाय! सरकार कोण सुई टोचणार?"

मी मुद्दाम काडी लावायचो. "बरोबर हाय गुरुजी! आणखी एक चहा सांगू काय?"

एक दिवस सिस्टर तिथे थांबल्या. गुरुजींच्याच शाळेतली पोरगी. म्हणाल्या, "गुरुजी, जंताची गोळी नको म्हणून आम्ही रडत होतो, तवा संविधान कुठी ठेवलं होतं?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. "ते... तुमच्या भल्यासाठी होतं."

"आणि हे?"

गुरुजींनी हळूच बाही वर केली. सुई झाली, कापूस लावला. गुरुजी उठायला लागले तर सिस्टर म्हणाल्या, "थांबा. आ करा."

"काऊन? सुई तर दंडात देली!"

"तुमच्याच शाळेचा नियम हाय, गुरुजी. तोंड उघडून दाखवल्याशिवाय कोणी जाणार नाई!"

आणि गुरुजींनी सगळ्या टपरीसमोर आ केला!

*

कोसमटोल्यात तीन शुक्रवार झाले. रैनीबाईचं एकच. "नाई." मग वरून एक साहेब आले. झाडाखाली बसलेसुद्धा नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "सुई नाही, तर रेशन नाही!"

सिस्टर मध्ये पडल्या. "साहेब, मी शब्द दिला हाय यांले."

"शब्द ठेवा घरी!" साहेब जीपमध्ये बसले.

जीप गावाबाहेरच्या नाल्यात फसली. चाकं अर्धी गाळात. काठावर गावातले दहा तगडे गडी बसलेले. ड्रायव्हर म्हणाला, "धक्का मारा ना भाऊ!"

गावाचा भुमया, म्हणजे पुजारी, मासूभाऊ. त्यानं शांतपणे विचारलं, "साहेबानं सुई घेतली काय?"

"घेतली, दोन्ही घेतल्या!"

"सर्टिफिकेट दाखवा. बिना सर्टिफिकेटचा धक्का नाई!"

सर्टिफिकेट मोबाईलमध्ये आणि मोबाईलला रेंज नाही. साहेब आधी जीपच्या बोनटवर चढले. मग टपावर. हात आभाळाकडे करून गोल फिरले. रेंज काही आली नाही.

आधी मासूभाऊच्या कानाशी कोण बसलं होतं, ते विचारू नका.

शेवटी सिस्टर धावत आल्या. "मासूभाऊ, जबरदस्ती नाई म्हणजे साहेबालेबी नाई! ढकला!" दहा जणांनी एका दमात जीप वर काढली. रेशनची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. पण जाताना मासूभाऊनं सिस्टरांकडे नीट पाहिलं. मी पाहिलं ना, त्यानं कसं पाहिलं ते.

*

पुढच्या शुक्रवारी सिस्टर चार शिश्या घेऊन निघाल्या. एका शिशीत दहा डोस, म्हणजे चाळीस. माणसं एकोणचाळीस. "सगळे हो म्हणाले तरी एक डोस वायाच जाईन," असं त्या वाटभर म्हणत होत्या.

मोहाखाली मासूभाऊ म्हणाला, "हो." मग एकेक करत सगळे हो म्हणत गेले. उरली रैनीबाई.

ती माझ्याकडे पाहत होती.

"डब्बेवाल्या, तुले दर शुक्रवारी सुई देतेत काय?"

"काऊन, बाई?"

"दर शुक्रवारी कापूस नवा. एकदा डाव्या दंडाले, एकदा उजव्या!"

अख्खं गाव वळलं. सिस्टरही वळल्या. मला आंबील पाजणाऱ्या त्या सिस्टरांच्या तोंडाकडे मी पाहू शकलो नाही.

रैनीबाई म्हणाली, "हाबी झाडाखाली बसला हाय. हा हो म्हणन, त मीबी म्हणन."

मला वाटलं, सिस्टर आता मला धरून टोचतील. टोचायलाच पाहिजे होतं! पण त्यांनी शिशी पुन्हा डब्यात ठेवली आणि म्हणाल्या, "जबरदस्ती नाई. भाऊचा दंड, भाऊची मर्जी."

मग सगळे नुसते बसले. कोणी रागावलं नाही, कोणी समजावलं नाही. मासूभाऊनं बिडी पेटवली. "आमाले घाई नाई." एकोणचाळीस माणसं, सिस्टर आणि दोन कुत्री माझ्याकडे पाहत होती. मी डब्याकडे पाहत होतो. बर्फ किती वेळ टिकतो, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? उन्ह मोहाच्या बुंध्याशी आलं. मी झाकण उचलून पाहिलं. अर्धं पाणी.

"हो!" मी ओरडलो. "हो म्हणतो ना!"

बाही वर केली, डोळे मिटले आणि बोंबललो, "मेलो!"

"भाऊ," सिस्टर म्हणाल्या, "अजून कापसानं पुसून राह्यली मी."

गाव एवढं हसलं, की खरी सुई कधी लागली ते मला कळलंच नाही. मग रांग लागली. रैनीबाई सगळ्यांच्या पुढे येऊन "हो" म्हणाली आणि रांगेत मिसळली. आता हिशेब सोपा. एकोणचाळीस ते आणि चाळीसावा मी. एक थेंब वाया जाणार नव्हता.

सगळं आटोपलं. सिस्टरांनी शेवटची शिशी उचलली. हलवली. उजेडाकडे धरली. एक डोस शिल्लक.

त्यांनी लिस्ट वाचली. सगळ्यांपुढे टिक. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आता माझ्याकडे काऊन पाहता? मी घेतली!"

सुई घेण्याआधी माझा जुना कापूस मी झाडाच्या मुळाशी ठेवला होता. तिथे तो नव्हता.

पायवाटेनं रैनीबाई घरी निघाली होती, एका हातानं दुसऱ्या दंडावर कापूस दाबून. वळणावर थांबली, माझ्याकडे पाहून तीन दात दाखवले आणि कण्हली, "लय दुखते गा, डब्बेवाल्या!"