अमावस्येला वाजणारा हॉर्न

रस्त्यावर एखाद्या गाडीचा हॉर्न अडकून एकसारखा वाजत राहिला, की ती घटना आजही आठवते आणि मला बसल्या जागी चैन पडत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले कितीतरी विसरलो. हे प्रकरण तसं पाहिलं तर एका जुन्या मोटारीच्या बिघाडाचं. पण त्यात गुन्हा घडायच्या आधीच माझ्यापुढे कबुली आली होती, आणि ती कबुली मला आतून खात होती.

तेव्हा मी जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवस उन्हाळ्याचे. पाण्याच्या टँकरवरून होणाऱ्या भांडणांनी ठाणं भरलेलं असायचं. एका सकाळी हजेरी आटोपली आणि ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे एक बाई होती, तोंडावर पदर धरून बोलावं तसा आवाज.

"सायब, एका बाईनं गाडीवर भानामती केली म्हनून राह्यले आमच्या गावात. येत्या अमावस्येला देवळापुढं तिचे केस कापणार हायेत, आन् गावाबाहेर काढणार. तुमी या जल्दी."

गावाचं नाव सांगून तिने फोन ठेवला. परत लावला तर बंद. स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि त्या गावच्या बीट अंमलदाराला चौकशीला पाठवलं. संध्याकाळी तो परत आला. म्हणाला, "काही नाही साहेब, गावात सगळं शांत आहे. ज्याला विचारलं तो हेच म्हणाला."

मला तेच खटकलं. खरं बोलणारी माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. सगळं गाव एकाच शब्दांत उत्तर देऊ लागलं, म्हणजे ते आधी बसून ठरवलेलं असतं. अमावस्या जवळ आली होती. दुसऱ्या दिवशी मी स्वतः निघालो.

गाव टेंभुर्णीच्या बाजूचं. एकाच अंगणात समोरासमोर दोन घरं. एका घरात गाडीचा मालक आणि त्याची बायको, समोरच्या घरात त्याची वहिनी, म्हणजे मेलेल्या थोरल्या भावाची बायको. मध्ये ती पांढरी गाडी उभी. जुनीच घेतलेली, लग्नाच्या, दवाखान्याच्या भाड्यासाठी. पुढे लिंबू-मिरची, मागे काळी बाहुली, बोनेटवर हळदीकुंकवाचे पट्टे. नजर लागायला जागाच उरली नव्हती.

"काय होतंय गाडीला?" मी मालकाला विचारलं. तिशीचा, राबणारा माणूस होता. दारू नाही, उंडगेपणा नाही. असा माणूस भेदरला की जास्त धोक्याचा असतो.

"साहेब, बंद गाडीचा हॉर्न वाजतो. वायपर आपोआप फिरतेत. मागच्या महिन्यात नवरदेव घेऊन गेल्तो. मांडवापुढं गाडी लावली आन् चारी दरवाजे लॉक. काच पन खाली येईना. लगीन लागायची येळ झाली, वाजंत्री वाजून राह्यली, आन् नवरदेव आतच."

माझ्या मागे हवालदार खोकल्यासारखं करून हसला. मालक हसला नाही. "त्याच्यानंतर कोण नेईल हो माझी गाडी?"

"गॅरेजला दाखवली?"

"जाफराबादला दोनदा नेली. त्यांनी बॅटरी बदलली, फ्यूज बदलले. तिथं उभी असली की बराबर चालती. घरी आणली, अमावस्या झाली, की पुन्हा तेच." त्याने समोरच्या घराच्या दाराकडे पाहिलं. "या अंगणात राह्यली की बिघडती. मंग तुमीच समजून घ्या."

शेजारच्या गावातल्या देवऋषीने त्याला सांगितलं होतं, की जिला ही गाडी दारात नको आहे अशी एक बाई आहे, तिचं हे काम. एवढं सांगितल्यावर गावाला नाव शोधायला वेळ लागला नाही.

मी गाडीचा दरवाजा उघडला. आतून कुबट वास आला, भिजलेलं गोणपाट कोपऱ्यात पडून राहावं तसा. बाहेर ऊन असं, की दाराचा पत्रा हाताला चटका देत होता. त्या उन्हात हा ओला वास कुठून आला, ते मला कळेना.

"देवऋषी म्हनला, हा वासच खूण हाय," मालक म्हणाला.

तेवढ्यात त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. "घ्या सायब," एवढंच म्हणाली. फोनवरचा तो आवाज मी ओळखला. तिने मान वर केली नाही, मीही काही विचारलं नाही. तिचं नाव कोणत्याही कागदावर येऊ द्यायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

वहिनीचा जबाब तिच्याच घरात घेतला. सोबत महिला अंमलदार होती. बाई चाळिशीची. घर स्वच्छ, भिंतीवर नवऱ्याचा फोटो. तो टेंभुर्णी ते जाफराबाद दुसऱ्याच्या काळीपिवळी जीपवर चालक होता, तेच करता करता आजाराने गेला.

"ताई, तुम्हाला कोणी धमकावलं?"

"न्हाई साहेब."

"अमावस्येला तुमचे केस कापणार आहेत, असं आमच्या कानावर आलंय."

"कापू द्या."

मला वाटलं, घाबरून बोलतेय. म्हणून मी कायदा सांगू लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुमी समजता तसं न्हाई, साहेब. ती गाडी आली ना, त्या दिवशी समद्यांनी पेढे खाल्ले. मी पन खाल्ला. पन मनात आलं, ह्यांनी लोकांच्या जीपा चालवता चालवता जीव सोडला. ह्यांच्या दारात कधी अशी गाडी आली न्हाई. मंग दिराच्याच दारात कशी आली? जिवाचा जाळ झाल्ता त्या दिवशी. तेच लागलं गाडीला. मीच केलं. लिहून घ्या."

महिला अंमलदाराचं पेन थांबलं. "लिहू का, साहेब?"

मी अंमलदाराला हातानेच थांबवलं. आरोपीकडून एक शब्द काढताना घाम फुटतो, आणि इथे एक बाई मनात आलेल्या विचाराचा गुन्हा कबूल करत होती. तक्रार द्यायला कोणी नाही. जिच्यावर अन्याय होणार तीच मान पुढे करून बसलेली. बंदोबस्त लावून ही अमावस्या मी निभावली असती. पण पुढच्या अमावस्येचं काय? आणि माझी बदली झाल्यावर काय? गाडी बिघडत राहणार, तोवर ती बाई स्वतःलाच गुन्हेगार समजत राहणार. बाईला हात लावू नये अशी मालकाला नोटीस दिली आणि परत आलो, पण जेवण गेलं नाही. टेबलावर दुसऱ्या प्रकरणांचे कागद होते, आणि मी खिडकीशी उभा राहून आवारातल्या गाड्या पाहत होतो. हवालदाराने दोनदा विचारलं, "साहेब, बरं नाही का?"

दुसऱ्या दिवशी देवऋषीला बोलावलं. कपाळाला भंडारा, हातात मोबाईल. ठाण्यात आल्यावर तो फार नम्र झाला.

"मी कुनाचं नाव घेतलं न्हाई साहेब. बिलकुल न्हाई. मी तर गाडीच्या भल्याचंच सांगून राह्यलो. आधी तो निस्तं अमावस्येला पूजा करायचा. मी म्हनलं, दर शनवारी पन कर आन् तांब्याभर न्हाई, घागरभर पाणी उतरव."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. चोरीच्या तपासात एक साधी रीत असते. चोरी ठरावीक दिवशीच होत असेल, तर त्या दिवशी तिथे कोण असतं ते आधी पाहायचं. अमावस्येला गाडीजवळ वहिनी नसायचीच. संशय यायला लागल्यापासून ती त्या दिवशी दार लावून बसायची, हे जबाबात आलं होतं. गाडीजवळ असायचा तो मालक स्वतः. आणि आता घागरभर पाणी म्हटल्याबरोबर माझ्या नाकात तो गोणपाटाचा वास पुन्हा आला.

मालकाला गाडी घेऊन ठाण्यात बोलावलं. म्हटलं, "तू अमावस्येला करतोस तशी पूजा कर. इथे, माझ्यासमोर."

"आज अमावस्या न्हाई, साहेब."

"नसू दे. नारळ माझ्याकडून."

मी पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसलो आणि दरवाजा ओढून घेतला. सगळं ठाणं व्हरांड्यात जमलं. साहेबांना ऊन लागलं, असं काहींना वाटलं असणार. मालकाने झेंडूची फुलं काचेखाली वायपरजवळ ठेवली, अक्षता टाकल्या, बोनेटवर नारळ फोडून त्याचं पाणी काचेवर सोडलं आणि मग घागर उचलून सावकाश काचेवर ओतली. पाणी काचेवरून खाली आलं, वायपरखालच्या काळ्या जाळीत गेलं आणि दिसेनासं झालं. बाहेर हवालदाराने वाकून पाहिलं, गाडीखाली जमिनीवर काही पडलं नव्हतं.

मी वाट पाहत होतो. माझ्या गुडघ्यावर एक थेंब पडला. मग दुसरा. मग डॅशबोर्डच्या खालून बारीक धार लागली आणि माझा बूट भिजला.

खाली उतरलो आणि पायाखालचं रेक्झिन उचललं. खालचा गालिचा स्पंजासारखा फुगलेला. हाताने दाबला तर बोटांमधून काळं पाणी आलं. हवालदाराने वायपरखालची जाळी काढली. आत अक्षतांचा लगदा, नारळाच्या शेंड्या, उदबत्त्यांच्या काड्या, कुजलेला झेंडू. पाणी बाहेर जायची भोकं त्याने पार बुजलेली. त्या चिखलात झेंडूची दोन-तीन फिकट रोपं उगवून आली होती. आमच्या भागात माणसं टँकरच्या मागे धावत होती, तेव्हा त्या गाडीत शेती चालली होती.

पाणी साचून आत उतरायचं, आणि जिथे उतरायचं तिथेच फ्यूजचा डबा आणि हॉर्न, वायपर, दरवाजे चालवणारं इलेक्ट्रॉनिक खोकं बसवलेलं. गॅरेजवाल्यांनी बोनेटखाली पाहिलं होतं. रेक्झिनखाली कोणी हात घातला नव्हता. कडक उन्हाळ्यात गाडीत पाणी शिरलं असेल, हे कोणाच्या मनात येणार? गाडी बिघडली की मालक भिऊन जास्त पाणी ओतायचा, आणि जास्त पाणी ओतलं की ती जास्त बिघडायची.

तरी मालकाचं डोकं हलत होतं, नाही म्हणून. "पाणी जातंय खरं साहेब, पन हॉर्न तिच्यामुळंच..."

दुपारी मी एका मारामारीच्या प्रकरणात जबाब घेत होतो आणि आवारात हॉर्न सुरू झाला. गाडी बंद, किल्ली माझ्या टेबलावर. सगळे धावले. वायपर एकदा फिरून अर्ध्यावर थांबले. मी मालकाला विचारलं, "तुझी वहिनी कुठे आहे?"

"गावात."

"आणि गाडी?"

त्याने गाडीकडे पाहिलं. मग खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मायसारखी हाय हो ती मला," म्हणाला. "भाऊ गेल्यावर तिनंच माझं लगीन लावलं."

बॅटरीची तार सोडवून हॉर्न बंद केला. जाफराबादच्या वायरमनला बोलवू का, असं हवालदाराने विचारलं. मी म्हटलं, आज नको. दुरुस्त गाडी गावात गेली असती, तर बाईला वाटलं असतं, साहेबांनी कुठला तरी उतारा केला.

तशीच ती गाडी, जाळी काढलेली, जीपला दोर बांधून मी गावात नेली. अंगणात माणसं जमली. मालकाने वहिनीला दाराशी जाऊन हाक मारली, "वैनी, जरा भाईर या." ती डोक्यावर पदर घेऊन आली, केस कापायला बोलावलं असावं तशी. मी तिला काही समजावून सांगितलं नाही. मालकाने तांब्याभर पाणी ओतलं आणि ती वाकून पाहत राहिली. डॅशबोर्डखालून थेंब पडू लागला. तिने हात पुढे केला, तळव्यावर थेंब घेतला, त्याचा वास घेतला. मग त्या कुजलेल्या झेंडूत बोटं घातली.

"हे कवापासून हाय?" तिने विचारलं.

"गाडी आली तवापासून, वैनी. पहिली पूजा मीच केल्ती."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मंग माझ्याकून न्हाई झालं?"

"नाही, ताई."

"मनात आल्तं तरी?"

"मनात आलं तरी."

ती रडली नाही. तिची जाऊ मात्र चुलीमागे जाऊन मोठ्याने रडली, आणि ते का, हे त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं.

देवऋषीवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल केला. त्या अमावस्येला देवळापुढे बंदोबस्तही ठेवला. कोणी फिरकलं नाही. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की माणूस कबूल करतो म्हणजे त्याने केलेलं असतंच असं नाही. सभोवतालची सगळी माणसं एकच बोट दाखवू लागली, की भलं माणूस आधी स्वतःच्या मनात गुन्हा शोधतं, आणि मनात काही ना काही सापडतंच. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत समोरचा पटकन "मीच केलं" म्हणाला, की मी पेन खाली ठेवत असे आणि जागा पाहायला जात असे.

अंगणात पाणी ओतून दाखवलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडी दुरुस्तीला जाफराबादला निघाली होती. बिघाड काढताना आपल्याला डोळ्यांनी पाहायचाय, म्हणून वहिनीही निघाली. ती मागे बसू लागली तेव्हा मालकाने पुढचा दरवाजा उघडला. "पुढं बसा, वैनी." गाडी चालू करायला बॅटरीची तार जोडली आणि हॉर्न लगेच सुरू झाला. गाव पाहत होतं. मी माझ्या जीपमधून मागे होतो. टेंभुर्णीच्या फाट्यावर गाडी थांबली, तेव्हा मी उतरून खिडकीशी गेलो. हॉर्नने कान किटले होते, चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली होती. वहिनीने चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि दोन्ही अनवाणी पाय त्या भिजलेल्या गालिच्यावर घट्ट टेकवले होते.

"ताई, पाय ओले होतायत," मी म्हटलं.

"होऊ द्या साहेब," ती म्हणाली. "ओलंच लागून राह्यलं, जाळ न्हाई."