पाणी होतं की बिअर?

सुनीवा सुईणीनं बेर्गेनचं निम्मं गाव जगात आणलं होतं. तोंड असं फटकळ, की पाद्रीसुद्धा तिच्या वाटेला जायचा नाही. पण त्या दुपारी बाईची बोलतीच बंद झाली.

सकाळी राणीला मुलगा झाला होता. गादीचा वारस! पण आठव्या महिन्यातला. न्हाऊ घालून पुसला, तेवढ्यात त्याचा श्वास अडखळला. पाद्री येईतो थांबायला वेळ कुठला? अशा वेळी सुईणीनंच बाप्तिस्मा द्यायचा. सुनीवानं खाटेजवळच्या वाडग्यात हात बुडवून बाळाच्या टाळूवर निथळवला, नाव ठेवलं ओयस्तेन, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं. दुपारच्या आत लेकरू गेलं.

पाद्री आइनारनं आल्या आल्या विचारलं, "पाणीच होतं ना?"

"मग काय ताक होतं?"

"खाटेपाशी वाडगे दोन आहेत, बाई. एकात बिअर आहे."

असणारच! बाळंतिणीला बिअर पाजायची रीतच होती. सुनीवाच्या पायाखालची जमीन सरकली.

"बिअरचा बाप्तिस्मा चालत नाही, रोमहून तसं पत्र आलंय," आइनार हळूच म्हणाला. "बिअर असेल, तर याला चर्चच्या कुंपणाबाहेर पुरावं लागेल."

'पाणी' म्हणायला काय जात होतं? पण खोटं बोलून पोर थोडंच स्वर्गात जाणार होतं!

"आठवत नाही हो," ती रडकुंडीला आली. "मेली घाई झाली होती. बघितलंच नाही मी."

हुंगून कळावं, तर धावपळीत बिअर सांडून खोलीभर तिचाच वास. एकदम सुनीवानं कपाळावर हात मारला.

"अगं बाई! तीस वर्षं नवऱ्याची दाढी धुतेय मी. बिअर वाळली की नुसता काथ्या होतो! राणीसाहेब, जावळ बघा त्याचं. माझा नाही धीर होत."

राणीनं कुशीतल्या बाळाची टोपी काढली. जावळातून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली.

"मऊ आहे गं," ती म्हणाली. "सगळं सुटं सुटं."

आइनारनंही हात लावून पाहिला आणि म्हणाला, "पाणीच. चर्चच्या अंगणात जागा काढायला सांगतो."

"पावलास रे देवा!" म्हणत सुनीवानं जमिनीवर बसकण मारली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून तिनं टोपी उचलली.

"थांब गं जरा," राणी म्हणाली. तिची बोटं अजून जावळातच होती.