जिवंत नवऱ्याची विधवा

श्रीवर्धनची तबस्सुम लग्न होऊन सौदीतल्या जेद्दाला आली. नवऱ्याचं, गफूरचं, तिथल्या अल अझीझिया भागात पडद्यांचं दुकान. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम गप्प झालं. मग तबस्सुम फोनवर स्पॅनिश शिकली. अडखळत का होईना, कादंबऱ्या वाचू लागली. अलीकडच्या, आजच्या बायकांच्या. त्यातली कुणी घर सोडायची, कुणी नाव बदलून अनोळखी गावात नव्याने प्रेमात पडायची.

या कादंबऱ्यांवर बोलणारा एक गट तिला इंटरनेटवर सापडला. कॅमेऱ्याची सक्ती नव्हती. पहिल्याच दिवशी ओळख विचारली, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "मी मरीना. जेद्दाला राहते. विधवा आहे. भाषांतरं करते."

सगळं खोटं. पण शब्द मागे घेतला नाही. मरीनाला मतं होती. मरीना खळखळून हसायची. लोक तिचं ऐकून घ्यायचे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा इग्नासियो तर तिला रोज लिहू लागला. त्याच्या मेसेजसाठी आपला जीव वरखाली होतो, हे तबस्सुमने स्वतःपासून लपवलं नाही.

एका शुक्रवारी, नमाज आटोपून गफूर जेवायला बसला होता. ती भात वाढत असताना तिचा फोन वाजला. गफूरने उचलला. परकी भाषा बघून भाषांतराचं बटण दाबलं. मोडकंतोडकं मराठी उमटलं: 'मरीना, कामासाठी जेद्दाला येतोय. तुझ्या दिवंगत नवऱ्याची क्षमा मागून विचारतो, भेटशील?'

"मरीना कोण?"

"मी."

"आणि दिवंगत?"

तबस्सुमने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"म्हणजे मला मारून मोकळी झालीस?" त्याचा आवाज चढला नाही. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मला कुणाचीच कुणी नसलेली बाई व्हायचं होतं. थोडा वेळ."

गफूरने ताट सरकवलं. "बोलव त्याला. दुकानावर. मेलेला माणूस बघू दे."

तिने पत्ता पाठवला, कारण कळवलं नाही. इग्नासियो आला तो हातात नवी कादंबरी घेऊन. गफूर कापड कापत होता, त्याने मान वर केली नाही.

तबस्सुम स्पॅनिशमध्ये म्हणाली, "माझं नाव तबस्सुम. हे माझे पती. मी खोटं बोलले."

कात्री थांबली. भाषा कळत नसली तरी काय चाललंय ते गफूरला कळत होतं.

इग्नासियोचा चेहरा लाल झाला. "पुस्तकांबद्दल बोलायचीस, तेही खोटं?"

"नाही. तेवढंच खरं होतं."

त्याने कादंबरी ताग्यावर ठेवली, गफूरकडे बघून 'सॉरी' म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा कधी त्याने लिहिलं नाही.

शटर ओढता ओढता गफूर म्हणाला, "त्याच्याशी बोलताना ताठ उभी होतीस. घरात अशी कधी दिसली नाहीस."

"घरात कधी कुणी काही विचारलं नाही."

गफूरने कुलूप लावलं आणि पुढे चालू लागला.

तबस्सुमने गटाला खरं नाव सांगितलं. काहींनी सुनावलं. काढून मात्र कुणी टाकलं नाही. आता चर्चा असली की ती बैठकीच्या खोलीत, कॅमेरा लावून बसते. गफूर समोरच टीव्ही लावतो, आवाज बंद करून. त्याने तिला माफ केलंय का, हे तिने अजून विचारलेलं नाही.