फ्रिजला बांधलेलं निळं पेन

नलूताईंना जाऊन सहा आठवडे झाले, तरी सकाळी गाडी बाहेर काढताना मान त्यांच्या किचनच्या खिडकीकडे वळतेच. परदेशातल्या या फ्लॅट बुश उपनगरात आमची घरं समोरासमोर. त्या दिवशी मी माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसला निघणार, एवढ्यात त्यांचा फोन आला. 'शुभा, जरा येतेस? छातीत दुखतंय गो.' धावत गेले. मुलगा-सून कामावर गेलेले. ताई खुर्चीत घामानं निथळत होत्या. ॲम्ब्युलन्ससाठी १११ला फोन लावता लावता विचारलं, 'कधीपासून?' 'आत्ताच,' त्या म्हणाल्या. समोरच्या चहाला तोंडही लागलेलं नव्हतं आणि त्यावर जाड साय धरली होती. मी फ्रिजच्या दाराला दोरीनं बांधलेलं त्यांचं निळं पेन ओढलं. 'ताई, खरं सांगा.' तेवढ्या दुखण्यातही त्या हसल्या. 'सव्वासातपासून... शिकलीस हो.' साडेआठ होऊन गेले होते. मी त्यांच्या मनगटावर ७.१५ लिहिलं. दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये त्या गेल्या.

हातावर वेळ लिहायची रीत त्यांचीच. तीस वर्षं कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या नर्स होत्या. कुणाला विंचू चावलेला, कुणाला फुरसं. आलेल्या माणसाच्या सुजेच्या कडेनं त्या पेनानं रेघ मारायच्या आणि शेजारी वेळ टाकायच्या, म्हणजे पुढच्या डॉक्टरला विष किती चढलंय ते बघताक्षणी कळतं. निवृत्त होऊन मुलाकडे आल्या, त्या अशा देशात, जिथं औषधालाही साप सापडत नाही! 'इथं माझं काय काम?' असं सुरुवातीला फार म्हणायच्या. तरी दारातले जँडल्स, म्हणजे इथले रबरी सपाते, उलटे करून आपटल्याशिवाय पायात घालत नसत. मी चिडवायचे, 'ताई, विंचवांना इथला व्हिसा मिळत नाही.' त्या म्हणायच्या, 'हस बाई, हस.'

मग ती तीन वर्षांपूर्वीची पिकनिक... उन्हाळ्याची अखेर, समुद्रकाठ, आमचा नेहमीचा ग्रुप. माझ्या नवऱ्याला, मंदारला, हाताला गांधीलमाशी चावली. थोड्या वेळात अंगभर गांधी उठल्या. 'पित्त उठलंय,' मी जाहीर केलं. सोलकढीसाठी आणलेलं कोकमाचं आगळ त्याच्या दोन्ही हातांना चोळलं, सरबत पाजलं आणि गप सावलीत बस म्हटलं. ताई लांब वाळूत फिरत होत्या. त्यांना हाक मारावी असं एकदा मनात आलं होतं. पण म्हटलं, उगाच त्यांची नर्सगिरी सुरू होईल, पिकनिकचा विचका. लिहितानाही लाज वाटते, पण अगदी हेच मनात आलं होतं. मंदारचा आवाज घोगरा झाला, ओठ सुजले, तेव्हा कुठे मी किंचाळले.

ताई अनवाणी धावत आल्या. मंदार उठायला बघत होता, त्याला त्यांनी दाबून आडवा केला. 'उठायचं नाही! अजिबात नाही!' पाय खाण्यापिण्याच्या चिली बिनवर, बर्फाच्या पेटीवर, चढवले, मला फोन लावायला सांगितलं, आणि आयुष्यात कधी बोलल्या नसतील एवढ्या मोठ्यानं इंग्रजीत ओरडल्या, 'ॲड्रेनलिन! एनीबडी! बी-स्टिंग इंजेक्शन!' दोन टेबलं पलीकडची एक आजी पर्स उपसत आली. 'आय हॅव वन, लव्ह.' तिला स्वतःला मधमाशीची ॲलर्जी होती. फोनवरच्या माणसानं द्या म्हणताच ताईंनी ते चड्डीवरूनच मंदारच्या मांडीत दाबलं. मग मला विचारलं, 'कधी चावली?'

'आत्ताच. पाचेक मिनिटं.'

ताईंनी मंदारच्या हातावर नख फिरवलं. कोकम वाळून त्याच्या खपल्या निघत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि अंदाजानं तिथंच पेनानं १.४० लिहिलं. माझ्या घड्याळात सव्वादोन होत आले होते. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी ते वाचलं आणि पुढच्या हालचाली केल्या.

मंदार वाचला. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मी रडत होते. ताई एवढंच म्हणाल्या, 'सगळेच आत्ताच म्हणतात गो. मांत्रिकाकडं जाऊन आलेले असतात, जखमेवरची हळद वाळलेली असते, तरी आत्ताच. खोटारडी नसतात माणसं, घाबरलेली असतात.' हा विषय त्यांनी माझ्याकडे पुन्हा कधी काढला नाही. नंतर इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्या बायकांना समजावून सांगायच्या, गांधी उठून श्वास अडकला तर माणसाला आडवं करा, १११ला फोन करा, कोकम सोलकढीत घाला. तेव्हाही माझं नाव कधी घेतलं नाही. मंदारला त्या दुपारचं धड काही आठवत नाही असं मी धरून चालले होते, कारण तो प्रत्येक पार्टीत रंगवून सांगायचा, 'शुभानं लगेच ताईंना हाक मारली म्हणून मी आज इथं बसलोय.' मी मान खाली घालून भजी वाढत राहायचे. सांगायचं रोज ठरवायचे, आणि धीर व्हायचा नाही.

गेल्या रविवारी ताईंच्या मुलानं ते पेन मला आणून दिलं. मंदार ते आमच्या फ्रिजला बांधत होता. त्याच्या पाठीकडे बघत मी म्हटलं, 'मंदार, त्या दिवशी मी ताईंना लगेच नव्हतं बोलावलं. अर्धा तास कोकम चोळत बसले होते.'

'माहितीये.' त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. 'हातावर वन-फॉर्टी, आणि तुझ्या फोनमध्ये १११चा कॉल टू-टेनचा. आयटीवाला आहे मी.'

'मग तीन वर्षं बोलला का नाहीस? वर पार्टीत ते लगेच, लगेच...'

'ताई म्हणाल्या होत्या, तिला विचारू नकोस, ती आपणहून सांगेल. तोवर सांभाळून घे.' त्यानं गाठ ओढून बघितली. 'मध्येमध्ये मलाच विचारायच्या, सांगितलं का तिनं? शेवटचं हॉस्पिटलमध्ये विचारलं.'

तो अंगणात गेला. मी फ्रिजला टेकून पोटभर रडले. दोरीवरचं पेन दाराला लागून हलत होतं. ज्यांना हे कळायला हवं होतं त्या राहिल्या नाहीत, आणि हा उशीर सर्वस्वी माझा आहे.

सांगितलं हो, ताई. आत्ताच.