नातं नसल्याचा पुरावा

त्याला सगळे कवळीवालाच म्हणत. शहरातले चार-पाच दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचे साचे त्याच्याकडे पाठवत आणि तो मेण, प्लास्टर घेऊन बसला की दोन-तीन दिवसांत अख्खी बत्तिशी उभी करी. ज्यांच्यासाठी दात करायचा, त्यांची तोंडं त्याने कधी पाहिली नव्हती. पाहिलं होतं ते एकीचंच, त्याच्या घरमालकिणीचं.

ती वरच्या मजल्यावर राहायची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. खालच्या दोन खोल्या तिने भाड्याने दिल्या तेव्हा कवळीवाल्याचं नुकतंच लग्न झालं होतं. एका खोलीत संसार, दुसरीत पॉलिशचं मशीन, आणि पांढरी धूळ दोन्हीकडे सारखीच. पहिल्याच वर्षी त्याला कावीळ झाली. बायको तेव्हा तिच्या आजारी वडिलांपाशी. महिनाभर ही बाई दिवसातून तीनदा जिना उतरली, त्याला खाऊ घालत राहिली आणि "काय रे हे डोळे, नकाशातल्या वाळवंटासारखे पिवळे!" म्हणून त्यालाच रागवत राहिली. बरा होऊन तो भाडं द्यायला वर गेला तेव्हा त्याच्या तोंडून "मावशी" निघालं, ते कायमचं.

दर एक तारखेला पाकीट टेबलावर ठेवायचं, चहा घ्यायचा, तासभर गप्पा मारायच्या. पाकीट तिने त्याच्यादेखत कधी उघडलं नाही. पावती तिने दिली नाही, याने मागितली नाही.

"अहो, एक साधा कागद तरी करून घ्या," बायको म्हणायची.

"मावशीकडे कागद मागू? जीभ रेटेल का माझी?"

एकदा मात्र त्याने आडून आडून विषय काढला. मावशी हसली. "कागद परक्यांना लागतो रे," म्हणाली. तो तरंगतच खाली आला. पुढे कितीतरी वर्षं बायकोने कागदाचं नाव काढलं की तो तिला हेच ऐकवायचा.

एकोणीस वर्षं अशी गेली. मग एका सकाळी मावशी स्वयंपाकघरात कोसळली. कवळीवाल्याने तिला रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं. आत फक्त नातेवाइकांना सोडत होते. खिडकीतल्या माणसाने फॉर्म सरकवला. 'रुग्णाशी नाते' या रकान्यापाशी तो जरा थबकला, आणि 'मुलगा' लिहून मोकळा झाला. चार दिवस तो तिच्या उशाशी होता. पाचव्या दिवशी ती गेली.

महिन्याभराने तिचा पुतण्या उगवला, हातात मोजपट्टी घेऊनच. एवढ्या वर्षांत तो दोनदा आला असेल.

"काकूने तुम्हाला मायेने ठेवलं, छान झालं," भिंत मोजता मोजता तो म्हणाला. "आता काकू नाही. पंधरा दिवसांत खोल्या मोकळ्या करा."

"मी भाडेकरू आहे."

"असं? मग करार दाखवा. पावती दाखवा. काहीतरी दाखवा ना."

सोळाव्या दिवशी नळ कोरडा पडला. पुतण्याने टाकीचा कॉक बंद करून गच्चीला कुलूप ठोकलं होतं. नवरा-बायको कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून बादल्या वाहू लागले. पाण्यावाचून स्वयंपाक अडला, तसं प्लास्टरही अडलं. दोन डॉक्टरांनी काम दुसरीकडे वळवलं.

शेवटी बायकोनेच त्याला एका वकीलबाईंकडे नेलं.

"लेखी करार नाही म्हणजे हक्कच नाहीत, असं नसतं," वकीलबाई म्हणाल्या. "तोंडी ठरलेलं भाडंही भाडंच. तुम्ही दिलंत, त्यांनी घेतलं, दाराची किल्ली तुमच्याकडे. झालात भाडेकरू. कोर्टाच्या हुकुमाशिवाय तुम्हाला कोणी हलवू शकत नाही. पाणी तोडणं तर मुळीच चालत नाही."

कवळीवाल्याचा जीव भांड्यात पडला.

"पण एक आहे. ते म्हणणार, हा भाडेकरू कुठला? बाईंनी घरचाच मानला, फुकट ठेवला. घरच्या माणसाला भाडेकरूचे हक्क नसतात. तेव्हा कोर्टात 'मावशी' हा शब्द काढायचा नाही. 'आईसारखी' तर नाहीच नाही. घरमालकीण म्हणायचं."

कोर्टात आधी इस्त्रीवाल्याची साक्ष झाली. हे दर एक तारखेला पाकीट घेऊन वर जाताना दिसायचे, असं त्याने सांगितलं. पाकिटात काय असायचं, या प्रश्नावर तो म्हणाला, "मला काय माहीत, साहेब?"

मग कवळीवाला उभा राहिला. पुतण्याचा वकील गोड बोलणारा होता.

"बाईंची कवळी तुम्हीच केलीत?"

"हो."

"पैसे किती घेतलेत?"

पैसे कसले? ती कवळी बसेना म्हणून त्याने तीनदा मोडून केली होती. चौथ्यांदा बसली तेव्हा मावशीने आरशासमोर सगळ्या खंडांची नावं खणखणीत म्हणून दाखवली होती.

"भाड्यात वळती केली," तो म्हणाला.

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बायकोने मान खाली घातली.

वकिलाने हॉस्पिटलचा फॉर्म पुढे केला. "अक्षर तुमचं?"

"हो."

"काय लिहिलंय?"

"मुलगा."

"मग?"

"खोटं लिहिलंय. आत सोडत नव्हते."

"खोटं नातं सांगून चार दिवस बसलात? कशासाठी?"

"त्यांचं दुसरं कोणी आलं नाही."

पुतण्या मोबाइलमध्ये बघत राहिला.

"मग तुमचं खरं नातं काय?"

"काही नाही. त्या घरमालकीण, मी भाडेकरू."

निकाल लागायला सव्वा वर्ष गेलं. कवळीवाला जिंकला. पाणी जोडून द्या, पावत्या द्या, घर हवं असेल तर रीतसर दावा लावा, असा हुकूम झाला. त्याच हुकुमात लिहिलं होतं की, मयत घरमालकीण व भाडेकरू यांच्यात भाड्याखेरीज कसलेही संबंध नव्हते, हे भाडेकरूच्याच जबानीवरून शाबीत होते.

"बघा, तुमच्याच उत्तरांनी तारलं," वकीलबाई खुशीत म्हणाल्या. त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं, आणि कागदाची घडी घातली.

नळाला पाणी आलं, आधी दोन दिवस तांबडं, मग स्वच्छ. पुढच्या महिन्यात पुतण्याने वरचं सामान विकून टाकलं. टेम्पोवाला जिन्यावरून कपाट उतरवत होता. कवळीवाल्याने न सांगता खालचं टोक धरलं. फाटकापाशी दम खायला थांबल्यावर टेम्पोवाल्याने सहज विचारलं, "बाई कोण लागायच्या तुमच्या?"

तिथे ना वकील होता ना न्यायाधीश.

"घरमालकीण होत्या," कवळीवाला म्हणाला.

तो आत आला. बायको पहिली पावती प्लास्टिकच्या पाकिटात घालत होती. "आता कोणाची टाप आहे आपल्याला हलवायची," ती म्हणाली. त्याने हुं केलं आणि मागच्या खोलीत जाऊन पॉलिशचं मशीन लावलं. चार वाजता एका डॉक्टरांचा माणूस दात न्यायला येणार होता.