लवूच्या जाळ्याला लागलेली सुरी

देवबागात दोन जाळी एकमेकांत गुंतली की इनास रॉड्रिग्जला हाक जायची. तो वाळूत मांडी घालून बसायचा आणि एकेक गाठ सोडवायचा. दुसऱ्याच्या जाळ्याला सुरी लावायची नाही, हा किनाऱ्याचा रिवाज. समुद्रात गुंता झाला तर दुसरी होडी येईपर्यंत थांबायचं. साठीला आलेल्या इनासने हा रिवाज कधी मोडला नव्हता. त्या आठवड्यात मोडला.

पहाटे त्याचं जाळं शेजारच्या लवूच्या जाळ्यात अडकलं. लवूची होडी लांब होती. अचानक वारा उठला, इनासची होडी लाटेला आडवी झाली, इंजिन बंद पडलं. अशाच वाऱ्यात त्याचा धाकटा भाऊ गेला होता. इनासने सुरी काढली आणि लवूचं जाळं कापून वल्ही मारत निघाला.

दुसऱ्या दिवशी लवूने ते जाळं इनासच्याच अंगणात आणून टाकलं. "बघ रे इनास. धनेशच्या ट्रॉलरच्या पंख्याचाच काम मां?"

मालवणच्या धनेशचा ट्रॉलर किनाऱ्यालगत घुसतो, ही गावाची जुनी तक्रार होती. पण पंख्याने जाळं पिंजलं जातं, सुरीने सरळ कापलं जातं. इनासने ते सरळ कापलेले दोरे हातात धरले आणि म्हणाला, "दिसता तसाच."

"झाला तर! तू बोललंस म्हणजे शिक्को बसलो. आता शिवूनय तूच दी."

शनिवारी दुपारी लवू पुन्हा दारात आला. डोळे तांबारले होते. "सांजेक धनेश मालवणच्या धक्क्यार येतलो. आमी डिझेलचे कॅन घेवन जातंव. ट्रॉलरच ठेवचंव नाय. तो नाय म्हणालो तर तू सांग तेका तोंडार. येतंस मां?"

इनासने होकाराची मान हलवली. लवू गेल्यावर बायको फिलू म्हणाली, "उद्या इगर्जीचा फेस्त. आज कुमसाराक जा. आठवडोभर तुझ्या घशाखाली घास उतरना नाय, माका दिसना नाय काय?"

इगर्जीत कुमसाराच्या, म्हणजे पाप कबूल करायच्या, लाकडी खुर्चीपाशी तो गुडघ्यांवर बसला. पडद्याआडच्या फादरांना सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "फादर, मी भियालंय. हात माझो नव्हतोच जणू."

"माणूस दुबळा आहे हे देवाला ठाऊक आहे," फादर म्हणाले. "जिवाच्या भीतीने केलं, त्याचा दोष हलका होतो. पण इनास, दुसऱ्या दिवशी अंगणात वारा होता का?"

"नाय."

"काय बोलतोयस ते कळत होतं?"

"कळत होता."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नाय फादर. माका लाज वाटली."

"मग ते समजून-उमजून केलंस. त्यात दुबळेपणाची सबब चालत नाही."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. लवूबरोबर धक्क्यावर निघालेली पोरं ओरडत आत बसत होती. इनास पडद्याकडे सरकला. "तुमी सांगा लवूक. तो तुमचा ऐकात."

"इथे ऐकलेलं मी कुणालाही सांगू शकत नाही. ट्रॉलर माझ्या डोळ्यांदेखत जळला तरी नाही. देवाची क्षमा तुला आहे, पण तुझा पश्चात्ताप खरा हवा. खरा असेल तर तू आता कुठे जाशील?"

"लवू माका तोंड दाखवचो नाय परत."

"कदाचित नाही दाखवणार."

टेम्पोचा हॉर्न पुन्हा वाजला. मग इनास म्हणाला, "जातंय." फादरांनी हात उचलून क्षमेचे शब्द उच्चारले, प्रायश्चित्ताची प्रार्थना दिली. ती म्हणायला इनास बाकावर टेकला, पण टेम्पो सुटल्याचा आवाज आला तसा उठला. उरलेली प्रार्थना त्याने रिक्षात म्हटली.

धक्क्यावर गर्दी दाटली होती. धनेश ट्रॉलरवर उभा राहून ओरडत होता, "मी थंय गेलंयच नाय रे!" लवूच्या हातात कॅन होता, झाकण उघडलेलं.

"इलो इनास! सांग तेका!"

लोकांनी वाट दिली. "ट्रॉलर नाय," इनास म्हणाला. "मी कापलंय. वाऱ्याक भियालंय. मगे तुका खोटा सांगलंय."

लवू हसला. "तू सुरी लावतलंस? पाद्र्यान पढवून धाडल्यान काय?"

"सरळ कापलेला आसा. येवन बघ."

लवूचं हसू विरलं. त्याने इनासच्या कमरेच्या सुरीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. कॅन खाली ठेवून झाकण लावलं.

"जाळा शिवून झाला?"

"नाय."

"शिवू नको. माझा जाळा माका परत दी."

तो वळून टेम्पोकडे चालू लागला. एकेक करत माणसं पांगली. धनेशने वरून इनासकडे पाहिलं आणि दोर बांधायला घेतला.